नाणेघाटाचा समुद्र आणि आयएनएस कोलकाता

१४ मार्च २०२४ रोजी ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज सोमालियाचा किनारा सोडून खोल समुद्राकडे निघाले. जहाज बल्गेरियन कंपनीचे, त्यावरचा झेंडा माल्टाचा. हुकूम मात्र ३५ सशस्त्र चाच्यांचा चालत होता. तीन महिन्यांपूर्वी, १४ डिसेंबर २०२३ रोजी, त्यांनी ते पळवले होते. आता त्याच जहाजाला फिरता तळ करून दुसरी जहाजे लुटायला ते बाहेर पडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ या विनाशिकेने त्यांना गाठले, आणि सुमारे ४० तासांनी सगळे चाचे शरण आले. इकडे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात हे दिवस द्राक्षांच्या तोडणीचे असतात. नारायणगाव परिसरातल्या बागांतली निर्यातीची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातात आणि युरोपचा त्यांचा नेहमीचा मार्ग एडनच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून आहे. या दोन घटनांचा संबंध योगायोगाचा नाही. युद्धनौकेने किती जहाजे बुडवली यावरून तिचा इतिहास लिहिण्याची आपली सवय अपुरी आहे. तिने कोणती वाट चालू ठेवली, कोणाची ठेवली आणि कुठे तिला ते जमले नाही, यावर तो लिहिला पाहिजे. ही कसोटी लावायला जुन्नर-आंबेगावसारखे घाटमाथ्यावरचे तालुके सर्वांत योग्य आहेत, कारण समुद्राची वाट अडली की काय होते याचा पुरावा त्यांच्याच डोंगरांत सापडतो.

हा पुरावा नाणेघाटापासून सुरू होतो. जुन्नरच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर सह्याद्रीची कड फोडून ही वाट कोकणात उतरते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. विद्वान तो साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा यांची जंत्री त्यात आहे. एवढा राजलेख राजधानीत न कोरता डोंगराच्या एका खिंडीत का कोरला, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की राज्याची संपत्ती जिथून येत-जात होती आणि ज्यांनी ती पाहावी अशी राजाची इच्छा होती, ते व्यापारी आणि तांडे याच वाटेने जात. लेण्यापासून जवळच एक दगडी रांजण आहे, तो परंपरेने जकातीचा मानला जातो. जुन्नर गावाभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांतल्या तीन लेखांत दाते स्वतःला यवन म्हणवतात. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप, एकाने चैत्यगृहाचा दर्शनी भाग. हे यवन जहाजाने आले की उत्तरेकडून येऊन इथे स्थायिक झाले, यावर मतभेद आहेत, आणि म्हणून केवळ त्यांच्या नावावर समुद्रव्यापार सिद्ध करू नये. पण लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचे दान कल्याणच्या एका कुटुंबातल्या माणसाने दिले आहे. बंदरातला पैसा घाट चढून जुन्नरच्या डोंगरात येत होता, हे सांगायला तेवढी नोंद पुरेशी आहे.

याच वाटेचा दुसरा टप्पा अधिक बोलका आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख येतो. आधीच्या एका राजाच्या काळात हे बंदर रीतसर व्यापाराचे ठिकाण होते, पण ते संदनेस नावाच्या सत्ताधीशाकडे गेल्यापासून तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लेखक नोंदवतो. हा संदनेस नेमका कोण, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र त्या शतकाच्या आसपास क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात हा सगळा टापू झगड्याचा झाला होता, याची साक्ष जुन्नरमध्येच आहे. मानमोडीच्या डोंगरातल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाची नोंद आहे. या दोन्ही पुराव्यांतून जे निघते ते महत्त्वाचे आहे. घाटातला एक दगडही न हलवता घाटावरच्या पेठेचा व्यापार तोडता येतो. त्यासाठी खाडीच्या तोंडाशी चार जहाजे उभी करणे आणि आलेल्या जहाजाचे सुकाणू दुसरीकडे वळवणे पुरते. नाणेघाटाची राखण नाणेघाटात होत नाही, ती समुद्रावर होते.

पुढे सोळाशे वर्षांनी हेच नाते उलट बाजूने दिसते. १६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६५७ च्या एप्रिलअखेरीस रात्री जुन्नरवर छापा घातला आणि ३ लक्ष होन आणि २०० घोडे नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतरच्या काळात तिथल्या खाड्यांत मराठ्यांची लढाऊ जहाजे बांधायला सुरुवात झाली. जुन्नरच्या होनांतूनच ती जहाजे उभी राहिली, असा दावा करायला कागद नाही आणि तो करण्याची गरजही नाही. क्रम पुरेसा बोलतो. घाटमाथ्यावर वाढलेल्या राजाच्या हाती खाडी आली आणि त्याला पहिल्यांदा जे हवेसे वाटले ते आरमार. सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या जहाजांसमोर किनाऱ्यावरची ठाणी जहाजांवाचून टिकणार नाहीत, हा तो हिशेब होता. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने आपल्या निशाणावरचा इंग्रजी राजवटीचा लाल क्रूस काढून महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट स्वीकारली. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’वर फडकत होते ते हेच निशाण. निशाण हा पुरावा नव्हे. त्याखालच्या जहाजाने काय काम केले ते तपासले पाहिजे.

‘कोलकाता’ मुंबईत, माझगाव गोदीत बांधली गेली. २६ सप्टेंबर २००३ रोजी तिचा कणा ठेवला गेला, ३० मार्च २००६ रोजी ती पाण्यात उतरली आणि १६ ऑगस्ट २०१४ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गाच्या तीन विनाशिकांतली ती पहिली. लांबी १६३ मीटर, पूर्ण भाराने वजन साडेसात हजार टनांच्या घरात, चार गॅस टर्बाइन आणि ताशी ३० सागरी मैलांहून अधिक वेग. पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, डेकखाली उभ्या नळ्यांत १६ ब्राह्मोस आणि ३२ बराक क्षेपणास्त्रे, मागे दोन हेलिकॉप्टरांची सोय. डोलकाठीच्या चारही बाजूंना बसवलेले रडारचे सपाट फलक एकाच वेळी सगळ्या दिशांनी येणाऱ्या वस्तूंचा माग ठेवतात, त्यामुळे फिरत्या रडारच्या दोन फेऱ्यांमध्ये राहणारी फट इथे राहत नाही. ही शेवटची गोष्ट पुढे एडनच्या आखातात महत्त्वाची ठरली. लाटांना खेटून उडत येणारे क्षेपणास्त्र क्षितिजावर दिसल्यापासून जहाजावर आदळेपर्यंत हाती फार तर मिनिटभर असते, आणि त्या मिनिटात ते दिसणे, ओळखणे आणि पाडणे हे सगळे व्हावे लागते.

या जहाजाच्या जन्मकथेतले दोष झाकून तिचा गौरव करता येणार नाही. कणा ठेवल्यापासून सेवेत येईपर्यंत जवळजवळ ११ वर्षे गेली. तीन जहाजांचा मूळ खर्च ३,५८० कोटी रुपये धरला होता, तो तिपटीहून पुढे गेला आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवले. मार्च २०१४ मध्ये गोदीत चाचण्या चालू असताना आग विझवण्याच्या यंत्रणेतून वायुगळती झाली आणि नौदलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. इतके करून जहाज दाखल झाले तेव्हा हवाई बचावासाठीचे तिचे मुख्य बराक क्षेपणास्त्र तयार नव्हते. २०१५ च्या डिसेंबरअखेर अरबी समुद्रात ‘कोलकाता’वरून त्याची चाचणी यशस्वी झाली. म्हणजे दाखल झाल्यानंतरचे वर्षभराहून अधिक दिवस ही विनाशिका आपल्या मुख्य ढालीशिवाय होती. त्या काळात युद्ध झाले नाही, हे नशीब. नियोजनाचे श्रेय त्यातून घेता येत नाही. हे स्पष्ट मांडण्याचे कारण असे, की पुढे ज्या कामाचे मोल सांगायचे आहे ते काम या जहाजाला दहा वर्षे आधी करता आले नसते, आणि उशिराची किंमत रुपयांपेक्षा अशा गमावलेल्या वर्षांत मोजावी लागते.

सेवेतल्या पहिल्या मोठ्या कसोटीत तिला शस्त्र वापरावे लागले नाही. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने देशातली रुग्णालये प्राणवायूवाचून अडली होती. नौदलाने ‘समुद्रसेतू-२’ मोहिमेखाली आपली जहाजे आखाती देशांकडे पाठवली. ‘कोलकाता’ त्यांतली एक. कुवेतहून द्रवरूप प्राणवायूने भरलेले कंटेनर डेकवर लादून ती मंगळूरला आली. असे काम मालवाहू जहाजानेही झाले असते, असे कोणी म्हणेल. झाले असते, पण मालवाहू जहाजाला भाडे ठरवावे लागते, फेरी जुळवावी लागते, बंदराची पाळी बघावी लागते. हुकूम मिळताच निघणारे, वेगाने धावणारे आणि त्याच पाण्यात आधीपासून गस्त घालणारे जहाज सरकारकडे असणे, ही तयारी संकट आल्यावर विकत मिळत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टर उतरवून पळवले. त्यानंतर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले वाढत गेले आणि डिसेंबरच्या मध्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबड्या समुद्रातली वाहतूक थांबवून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडी चढली. द्राक्ष बागायतदाराला हे दोन आठवडे कसे लागतात ते पाहिले पाहिजे. निर्यातीचा घड तोडल्यावर काही तासांत पॅकहाऊसमध्ये जातो. सुकलेले, फुटलेले, लहान मणी कात्रीने काढले जातात. घड लहान पिशव्यांत किंवा डब्यांत भरतात, पेटीत बुरशी रोखणारा गंधकाचा कागद घालतात, मग प्री-कूलिंगमध्ये फळाच्या गाभ्यातली उष्णता काढून माल शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या कंटेनरमध्ये चढतो. त्या क्षणापासून घड्याळ चालू होते. मणी दिसायला ताजा असला तरी आधी देठ तपकिरी पडतो, आणि युरोपचा ग्राहक घड उचलून पहिल्यांदा देठ बघतो. बागेची छाटणी, विरळणी, औषधांच्या अवशेषांची तपासणी ही वर्षभराची मेहनत त्या हिरव्या देठावर टेकलेली असते. जुन्नरच्या द्राक्षाला सह्याद्री ओलांडायला काही तास लागतात. त्याचे भवितव्य मात्र तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत ठरते. आयातीचीही हीच गत आहे. डिंभ्यासह कुकडी प्रकल्पातल्या धरणांच्या पाण्यावर ऊस आणि कांदा घेणारा शेतकरी जे पोटॅश टाकतो त्यातले काही जॉर्डनमधून येते, आणि जॉर्डनचे एकमेव बंदर अकाबा तांबड्या समुद्राच्याच टोकाला आहे.

भारत या वेळी अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीत गेला नाही. त्याने स्वतःच्या विनाशिका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात उभ्या केल्या. मार्चमध्ये पाळी ‘कोलकाता’ची होती. ४ मार्चला लायबेरियाचा झेंडा असलेल्या ‘एमएससी स्काय टू’ या कंटेनर जहाजावर एडनच्या आग्नेयेला मारा झाला आणि आग लागली. ‘कोलकाता’ने ते जहाज सोबत करून जिबूतीच्या हद्दीकडे नेले आणि ५ मार्चच्या पहाटे १२ जणांचे अग्निशमन पथक त्यावर उतरवले. जहाजावरचे २३ खलाशी सुखरूप राहिले, त्यांत १३ भारतीय होते. लगेच ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. तिघे जागीच गेले, उरलेले लोक जहाज सोडून होड्यांत उतरले. ‘कोलकाता’ दुपारनंतर तिथे पोहोचली, हेलिकॉप्टर आणि बोटींनी २१ जणांना उचलले, जखमींवर उपचार केले आणि सगळ्यांना जिबूतीला पोहोचवले. या तीन दिवसांत विनाशिका ज्या पाण्यात फिरत होती तिथे तिच्यावरही तसाच मारा होऊ शकत होता. दुसऱ्याच्या जहाजावर आगीशी झुंजणारे १२ जण आणि होडीतून वर ओढले जाणारे जखमी यांच्या डोक्यावर त्या रडारची आणि बराकची छत्री होती. ती छत्री वापरावी लागली नाही म्हणून ती अनावश्यक होती, असे म्हणता येत नाही. तिच्यामुळेच मदत करणारे जहाज तिथे थांबू शकले.

आठवडाभराने ‘रुएन’ची वेळ आली. १५ मार्चला ‘कोलकाता’ने जवळ जाऊन डेकवरून ड्रोन सोडला. चाच्यांनी तो गोळ्या घालून पाडला आणि युद्धनौकेवरही गोळीबार केला. त्यावर ‘कोलकाता’ने जहाज बुडवण्याइतका नव्हे, पण त्याचे सुकाणू आणि दिशादर्शक यंत्रणा निकामी होतील इतकाच मारा केला आणि ‘रुएन’ जागेवर थांबले. आत १७ खलाशी ओलीस होते, त्यामुळे प्रत्येक गोळीचा हिशेब त्यांच्या जिवाशी होता. १६ मार्चला हवाई दलाच्या सी-१७ विमानाने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर रबरी बोटी आणि नौदलाचे मार्कोस कमांडो पॅराशूटने समुद्रात उतरवले. नौदलाची टेहळणी विमाने आणि ‘सुभद्रा’ ही गस्तीनौकाही सोबतीला होती. सर्व ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी इजा न होता सुटले आणि सुमारे ३७,८०० टन माल असलेले जहाज मोकळे झाले. २०१७ नंतर सोमाली चाच्यांनी यशस्वीपणे पळवलेले हे पहिले जहाज होते. ते परत मिळवले गेले नसते तर पळवापळवीचा धंदा पुन्हा फायद्याचा ठरला असता. २३ मार्चला ‘कोलकाता’ने चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. त्यांच्यावर खटला चालवायला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. पूर्वी अशा चाच्यांना पकडून नि:शस्त्र करून सोडण्याचे प्रसंग जगभरच्या नौदलांवर आले होते, कारण त्यांना कोणत्या न्यायालयापुढे उभे करायचे हेच ठरत नसे. त्याच दिवशी नौदलाने या पाण्यातल्या आपल्या मोहिमेच्या १०० दिवसांचा ताळेबंद जाहीर केला. १८ घटनांत धाव, ११० जीव वाचवले, त्यांत ४५ भारतीय. खते, कच्चे तेल असा १५ लाख टन माल सोबत करून पार केला.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो आणि तो हलका नाही. बंदुका घेतलेल्या ३५ चाच्यांमागे हजारो कोटींची विनाशिका धाडणे परवडते का? जानेवारी २०२४ मध्ये ‘सुमित्रा’ या लहान गस्तीनौकेने दोन दिवसांत दोन मासेमारी जहाजे सोडवली. ‘इमान’वर १७ इराणी होते आणि ‘अल नईमी’वर १९ पाकिस्तानी. मग तेवढीच जहाजे का वाढवू नयेत? यातला निम्मा भाग खरा आहे. सोमालियाच्या पूर्वेला, जिथे धोका केवळ चाच्यांचा आहे, तिथे गस्तीनौका हेच योग्य आणि स्वस्त साधन आहे, आणि नौदलाकडे त्या अधिक हव्यात. पण त्या हिवाळ्यात एकाच पट्ट्यात दोन धोके एकत्र आले होते. पश्चिमेला क्षेपणास्त्रे, पूर्वेला चाचे, आणि दोघांच्या मधल्या अंतराला सीमा नव्हती. २६ जानेवारीला ‘मार्लिन लुआंडा’ हे नाफ्ता वाहून नेणारे जहाज पेटले, तेव्हा ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेने आपले पथक पाठवून २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी असलेले ते जहाज वाचवले. क्षेपणास्त्रांच्या माऱ्यातल्या पाण्यात हवाई बचाव नसलेली गस्तीनौका पाठवणे म्हणजे तिच्यावरच्या माणसांना हतबल करून ठेवणे. ‘कोलकाता’ने मार्चच्या ६ तारखेला क्षेपणास्त्रांच्या पाण्यातले काम केले आणि १५ तारखेला चाच्यांविरुद्धचे. एकाच जहाजाला दोन्ही जमणे, हेच तिच्या खर्चाचे समर्थन आहे.

दुसरा आक्षेप असा, की ‘रुएन’वर भारतीय खलाशी नव्हता, झेंडाही आपला नव्हता. मग आपले जहाज कशासाठी? याचे उत्तर ‘पेरिप्लस’मध्ये आहे. त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली गेली ती जहाजे ग्रीक होती, पण पेठ ओस पडण्याची भीती कल्याणला आणि त्यामागच्या घाटाला होती. आजही जुन्नरचा माल भारतीय झेंड्याखाली क्वचितच जातो. तो स्वित्झर्लंड, डेन्मार्क, फ्रान्स इथल्या कंपन्यांच्या, लायबेरिया-पनामाच्या झेंड्यांच्या जहाजांनी जातो, आणि त्यांवर खलाशी भारतीय, फिलिपिनो, युक्रेनियन असे मिसळलेले असतात. झेंडा बघून राखण करायची ठरवली तर आपल्या मालाची राखण होणारच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. एवढे करूनही तांबडा समुद्र उघडला नाही. मोठ्या कंपन्यांची जहाजे पुढेही बराच काळ आफ्रिकेला वळसा घालत राहिली आणि द्राक्षाचे भाडे चढेच राहिले. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. आक्रमण करणाऱ्याचा तळ जमिनीवर असेल तर दूरवर उभी असलेली विनाशिका त्याचा हात बांधू शकत नाही. तिला घाव झेलता येतो, जखमी उचलता येतात, दुसरा चोर येऊ नये याची खबरदारी घेता येते. ‘कोलकाता’चे यश याच मर्यादेत मोजावे. वळसा घालणारी जहाजेही अरबी समुद्रातूनच बाहेर पडत होती. त्या पाण्यात सोमाली चाच्यांनी पुन्हा बस्तान बसवले असते तर वळशाच्या वाटेवरही विमा, पहारेकरी आणि उशीर यांचा बोजा पडला असता. पहिली वाट बंद झालेली असताना दुसरी तरी मोकळी राहिली. शिवाय त्या हिवाळ्यात या दोन तालुक्यांच्या शेतकऱ्याला बसलेला प्रत्येक फटका समुद्राच्या माथी मारता येणार नाही. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत सरकारनेच बंद ठेवली होती. ओतूर, आळेफाटा, मंचर इथल्या बाजारांत त्या महिन्यांत पडलेले भाव हुतींमुळे पडले नाहीत. बाहेर वाट राखायला विनाशिका आणि आत बंदरावर बंदी, ही दोन धोरणे एकाच देशाने एकाच वेळी चालवली. वाट राखण्याचा खर्च करायचा असेल तर त्या वाटेने माल जाऊ देण्याचे धोरणही स्थिर हवे, ही मागणी त्यातूनच न्याय्य ठरते.

शेवटचा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा. सातवाहनांचा घाट, सतराव्या शतकातली गलबते आणि एकविसाव्या शतकातली क्षेपणास्त्रे यांना एका धाग्यात ओवणे म्हणजे काळाचा गोंधळ नाही का? सत्ता, तंत्र, व्यापाराचा माल आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो हे सारे बदलले आहे. सातवाहनकाळी समुद्राची राखण करणारे कायमचे आरमार होते, असेही इथे म्हटलेले नाही. टिकून राहिली आहे ती फक्त भूगोलाने घातलेली अट. सह्याद्रीच्या पूर्वेच्या उतारावरच्या पेठेचा जगाशी संबंध एका उतरणीतून आणि एका खाडीतून जातो, आणि त्या खाडीपलीकडचे पाणी कोणाच्या हाती आहे यावर पेठेचे दिवस ठरतात. नाणेघाट असो, आंबेगाव तालुक्यातला आहुपे घाट असो, की आजचा नाशिक महामार्ग आणि न्हावाशेव्याचा धक्का. अट तीच आहे. म्हणूनच विनाशिकेच्या कामगिरीचे मोल या तालुक्यांनी ठरवावे, असे सुरुवातीला म्हटले.

तसे ठरवायला बसले, तर मागण्या निघतात. युद्धनौकांच्या अंदाजपत्रकावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत चर्चा होते ती बहुतेक वेळा तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या संख्येवर. तिच्यात जहाज वर्षातले किती दिवस समुद्रात होते, किती माल सोबत करून पार केला, किती माणसे उचलली, हे आकडे दरवर्षी यावेत. १०० दिवसांचा ताळेबंद एकदा जाहीर करता आला, तर तो नेमाने करता येईल. माझगावच्या गोदीत पुढच्या जहाजाला ११ वर्षे लागू नयेत आणि जहाज दाखल होताना त्याची ढाल त्याच्यासोबत असावी, कारण त्या ११ वर्षांत वाट कोणाच्या तरी हाती जातेच. विनाशिकांच्या जोडीला गस्तीनौका वाढाव्यात, म्हणजे मोठ्या जहाजाला लहान काम करावे लागणार नाही. आणि द्राक्ष-कांदा उत्पादकांच्या संघटनांनी भाडे, वाहतूक आणि सागरी सुरक्षेचा विषय शासनापुढे हमीभावाइतक्याच आग्रहाने मांडावा. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना समुद्र परका वाटण्याचे कारण नाही. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ने २,६०० किलोमीटरवर जे राखले, त्यात त्यांच्या शिवारातला माल, त्यांचे खत आणि त्यांच्या बागेची वर्षभराची मेहनत होती. त्या जहाजावर झालेल्या खर्चाचा जाब विचारण्याचा आणि त्याच्या कामाचे श्रेय देण्याचा, दोन्ही हक्क त्यांचेच आहेत.